वर्क-स्टडी आणि ऑन-कॅम्पस नोकरी: एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याच्या वाट्याला यांतले काय येते?

सोलापुरातल्या ज्या घरांतून मुले एम.एस.साठी अमेरिकेला निघतात, त्या घरांत खर्चाचा हिशेब मांडायला सगळे बसले की कोणीतरी हमखास म्हणते, "तिकडेही कमवा व शिका असेलच की." हा समज अगदीच निराधार नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत रुजवलेली ही कल्पना पुढे महाराष्ट्रातल्या अनेक विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी स्वीकारली, आणि ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारून किंवा आवारातल्या बागेला पाणी घालून आपल्या मेसचे पैसे भागवलेली माणसे प्रत्येकाच्या ओळखीत असतात. त्यामुळे एखाद्या अमेरिकन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ‘वर्क-स्टडी’ हे शब्द दिसले की आपण मनातल्या मनात त्यांचे मराठी करून मोकळे होतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

अशोक चौकाजवळ राहणाऱ्या एका ओळखीच्या मुलीने पहिल्या सत्राच्या तोंडावर वडिलांना दोन जाहिराती पाठवल्या होत्या. वडिलांनी त्या मला मोबाइलवर दाखवल्या. दोन्ही जागा ग्रंथालयाच्या काउंटरवरच्या होत्या, दोन्हींत तासाला १५ डॉलर आणि आठवड्याला दहा-पंधरा तास काम होते. एका जाहिरातीच्या अगदी तळाशी मात्र ‘फेडरल वर्क-स्टडी आवश्यक’ अशी एक ओळ होती. मुलीने दोन्हीकडे अर्ज केले, आणि ज्या जाहिरातीत ती ओळ होती तिथून त्याच दिवशी नकार आला. टॉवेलच्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या त्या गृहस्थांचा प्रश्न सरळ होता: काम तेच, पगार तोच, मग एकीकडे मुलगी चालते आणि दुसरीकडे का चालत नाही?

उत्तर कामात नसून पगाराचा पैसा कोणाच्या खिशातून येतो यात आहे. फेडरल वर्क-स्टडी ही अमेरिकेच्या केंद्र सरकारची आर्थिक साहाय्याची योजना असून तिचा उगम १९६४ च्या इकॉनॉमिक ऑपॉर्च्युनिटी अ‍ॅक्टमध्ये आहे. घरची परिस्थिती बेताची असलेल्या विद्यार्थ्याला काम द्यायचे आणि त्याच्या वेतनातला मोठा वाटा, सर्वसाधारणपणे ७५ टक्क्यांपर्यंत, सरकारने उचलायचा, अशी तिची रचना आहे. त्यासाठी ‘फाफ्सा’ नावाचा अर्ज भरावा लागतो आणि पात्रता अमेरिकन नागरिकांना, तसेच ग्रीन कार्डधारकांसारख्या काही ठरावीक गटांना मिळते. एफ-१ व्हिसावरचा, म्हणजे शिक्षणासाठीच्या व्हिसावर आलेला परदेशी विद्यार्थी या योजनेत बसत नाही, मग त्याचे गुण कितीही असोत आणि घरची अडचण कितीही खरी असो. आता १५ डॉलरचे गणित पाहा. वर्क-स्टडीचा विद्यार्थी घेतला तर ग्रंथालयाला तासामागे कमीत कमी पावणेचार डॉलर पदरचे घालावे लागतात आणि आपल्या मुलीला घेतले तर पूर्ण १५. नकारामागे आकस असतो असे अनेक मुलांना वाटते, पण बहुतेक वेळा तो असा साधा हिशेब असतो.

ऑन-कॅम्पस नोकरी ही मुळात योजनाच नव्हे. ती एफ-१ दर्जासोबत मिळणारी मुभा आहे. इमिग्रेशन खात्याकडून वेगळे वर्क परमिट काढावे लागत नाही, मात्र विद्यापीठातल्या डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची कागदपत्रे पाहणाऱ्या नियुक्त अधिकाऱ्याला, विचारूनच पुढे जावे. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. सुट्टीत, पुढच्या सत्राला प्रवेश कायम असेल तर, पूर्ण वेळ काम करता येते. ही २० तासांची मर्यादा सगळी कामे मिळून आहे. टीचिंग असिस्टंटशिप, म्हणजे प्राध्यापकांना शिकवण्यात मदत करण्याचे पगारी काम, २० तासांची असेल तर कॅफेटेरियातला एक तासही वर चालत नाही, आणि दोन विभागांचे तास कोणी एकत्र मोजणार नाही या भरवशावर राहणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

‘कॅम्पस’ या शब्दाचीही फोड करायला हवी. विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांना सेवा देणारे पुस्तकांचे दुकान किंवा उपाहारगृह खासगी कंपनी चालवत असली तरी तिथले काम चालते. त्याच आवारात नवी इमारत बांधणाऱ्या कंत्राटदाराकडचे काम मात्र चालत नाही. फाटकाबाहेरच्या भारतीय हॉटेलात रोखीने मिळणारे काम तर नाहीच नाही. विनापरवाना नोकरीमुळे एफ-१ दर्जा जातो आणि तो परत मिळवण्याची वाटही त्याच कारणाने बंद होते.

जाहिरात वाचताना म्हणून वर्क-स्टडीची ती एकच ओळ आधी शोधावी. ‘आवश्यक’ लिहिले असेल तर ती जाहिरात सोडून द्यावी, ‘प्राधान्य’ लिहिले असेल तर अर्ज जरूर करावा. भोजनगृहांत आपली मुले इतकी का दिसतात, याचे एक कारण असे की तिथे माणसे सतत लागतात आणि पगार बऱ्याचदा भोजनगृहाच्याच उत्पन्नातून निघतो.

घरच्यांनी एक गोष्ट आधीच मान्य करावी. आठवड्याला २० तास, तासाला १५ डॉलर धरले तरी चार आठवड्यांचे १,२०० डॉलर होतात आणि तेही कर कापण्यापूर्वीचे. शहर स्वस्त असेल तर खोलीचे भाडे आणि किराणा त्यात निघेल, शिकवणी शुल्क निघणार नाही. आय-२० साठी, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देते त्या प्रवेशाच्या कागदासाठी, पैशांचा पुरावा दाखवताना अशी भावी कमाई धरली जात नाही. असिस्टंटशिपचे लेखी पत्र हाती असेल तर ती गोष्ट वेगळी.

काम मिळाले की विभागाचे पत्र आणि डीएसओचे पत्र घेऊन सोशल सिक्युरिटी नंबरसाठी, म्हणजे पगार आणि करासाठी लागणाऱ्या सरकारी क्रमांकासाठी, अर्ज करायचा असतो. अमेरिकेत उतरल्यावर साधारण दहा दिवस थांबून गेलेले बरे, कारण तोवर प्रवेशाची नोंद सरकारी यंत्रणेत दिसू लागते. पहिली पगारपावती हाती आली की ती नीट वाचावी. एफ-१ विद्यार्थ्याला साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षे सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा आरोग्य विमा) या सरकारी योजनांसाठीच्या दोन कपाती, मिळून ७.६५ टक्के, लागू होत नाहीत. चुकून कापल्या गेल्या असतील तर पेरोल कार्यालयाकडे परत मागता येतात. प्राप्तिकर मात्र कापला जातो. त्याचे विवरणपत्र भरताना भारतीय विद्यार्थ्याला भारत-अमेरिका कर करारातल्या कलम २१ नुसार स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून ठरावीक सरसकट वजावट, घेता येते, जे बहुतेक इतर देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही.