रिपोर्ट अडकतो, कारण अंदाज चुकतो

एखादा रिपोर्ट महिनोन्‌महिने दोन-तीन सेकंदांत येतो आणि एके दिवशी बटण दाबल्यावर चकरी नुसती फिरत राहते. प्रोग्राम कुणी बदललेला नसतो. मशीन तेच, नेटवर्क तेच. मग आधी मशीन रीस्टार्ट होते, पाठोपाठ रॅम वाढवायचा विषय निघतो. नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांची सॉफ्टवेअर्स सांभाळताना हे दर हंगामात पाहायला मिळते. ज्यांच्या सॉफ्टवेअरखाली पोस्टग्रेस हा डेटाबेस (माहिती साठवणारा आणि शोधून देणारा प्रोग्राम) आहे त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे: रॅमचे पैसे मोजण्याआधी डेटाबेसने किती नोंदी मिळतील असे धरले होते आणि प्रत्यक्षात किती निघाल्या, ते बघा. दुखणे बऱ्याचदा तिथेच सापडते.

डेटाबेस ‘धरतो’ म्हणजे काय, हे कळायला थोडे मागे जावे लागेल. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. त्याआधी माहिती हवी असेल तर ती कुठे ठेवली आहे आणि तिथवर कसे पोचायचे, हे प्रोग्रामरलाच लिहावे लागे. कॉड यांचे म्हणणे असे, की माणसाने फक्त काय हवे ते सांगावे. ते शोधायचे कसे, हे यंत्राने ठरवावे. ‘निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्यांची बाकी रक्कम दाखव’ एवढेच आपण एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत लिहितो. वाट शोधायचे काम डेटाबेसमधल्या प्लॅनर नावाच्या भागावर पडते. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८६ साली मायकेल स्टोनब्रेकर यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून पोस्टग्रेस घडले. आज ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, कुणालाही फुकट वापरता येते, आणि त्याचा प्लॅनर नेमका काय विचार करतो हे उघडून पाहता येते. मला त्याचे सर्वात मोठे मोल तेच वाटते.

वाटा किती असू शकतात? एका टेबलापुरते पाहिले तर अख्खे टेबल पहिल्यापासून वाचायचे किंवा इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी, धरून नेमक्या जागी जायचे. पोस्टग्रेस डिस्कवरून ८ किलोबाइटच्या पानांनी वाचतो. ओळीने एक पान वाचायचा खर्च १ आणि मध्येच उडी मारून वाचायचा खर्च ४, असे आकडे त्याच्या मूळ सेटिंगमध्ये आहेत. म्हणून टेबलाचा मोठा भाग लागणार असेल तर इंडेक्स असूनही तो सरळ सगळे वाचून काढतो, आणि ते बरोबरच असते. खरी गुंतागुंत टेबले जोडताना होते. दहा टेबले एकापाठोपाठ एक जोडायची म्हटली तरी क्रम ३६,२८,८०० होतात. बारा किंवा जास्त टेबले आली की पोस्टग्रेस सगळे क्रम तपासायचा नाद सोडतो आणि उत्क्रांतीच्या तत्त्वावरची एक पद्धत वापरून त्यातल्या त्यात बरा क्रम निवडतो.

प्रत्येक वाटेचा खर्च काढून स्वस्त वाट घ्यायची, ही रीत १९७९ साली आयबीएममधल्याच पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. खर्च नोंदींच्या संख्येवर ठरतो आणि नोंदी तर अजून मोजलेल्याच नसतात. त्यामुळे आधी अंदाज, मग खर्च. काहीच माहिती नसेल तेव्हा ‘अमुकपेक्षा जास्त’ या अटीला एक तृतीयांश नोंदी बसतील असे सेलिंजर यांच्या निबंधात धरले होते. पोस्टग्रेसच्या कोडमध्ये अशा वेळी आजही एक तृतीयांशच धरतात.

सहसा मात्र माहिती असते. पोस्टग्रेस प्रत्येक टेबलाचा नमुना घेतो. मूळ सेटिंगमध्ये हा नमुना ३०,००० नोंदींचा असतो, मग टेबलात एक लाख नोंदी असोत की दहा कोटी. त्यातून प्रत्येक कॉलममधली नेहमी येणारी मूल्ये, प्रत्येकाचा वाटा आणि उरलेल्यांचा पसारा टिपून ठेवला जातो. लासलगावला लिलावाच्या वेळी व्यापारी ट्रॉलीतला थोडा कांदा वर-खाली करून बोली लावतात, ट्रॉली रिकामी करून पाहत नाहीत, तसेच हे. खाली करताना आत वेगळा माल निघाला की वांधा होतो. डेटाबेसचाही होतो.

३०,००० नोंदी एवढ्या मोठ्या टेबलाला पुरतात कशा, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. याचे गणित सुरजित चौधुरी, राजीव मोटवानी आणि विवेक नरसय्या यांच्या १९९८ च्या निबंधात आहे. मूल्यांचा पसारा १०० भागांत मांडायचा आणि प्रत्येक भागाची चूक ठरावीक मर्यादेत ठेवायची, तर दहा लाख नोंदींच्या टेबलाला भागामागे साधारण ३०६ नोंदींचा नमुना लागतो. टेबल दहापट वाढून एक कोटीचे झाले तर तो आकडा ३४३ वर जातो. टेबल दहापट, नमुना जेमतेम बारा टक्क्यांनी मोठा! पोस्टग्रेसने भागामागे ३०० हा आकडा तिथूनच घेतला आहे. नमुना लहान आहे म्हणून अंदाज चुकतो, ही समजूत म्हणूनच फारशी खरी नाही. एका बाबतीत ती खरी ठरते: एकूण वेगवेगळे शेतकरी किती, यासारखा आकडा नमुन्यावरून काढणे अवघड असते आणि तो बहुतेकदा कमीच येतो. तो हाताने भरता येतो.

नेहमीच्या चुका दोन वेगळ्याच ठिकाणी होतात. पहिली, नमुना शिळा होतो. टेबलातल्या १० टक्के नोंदी, अधिक ५०, एवढे बदल साचले की पोस्टग्रेस आपणहून नवा नमुना घेतो. आता असे धरा की एका व्यापाऱ्याच्या खरेदीच्या टेबलात जुन्या वर्षांच्या वीस लाख नोंदी आहेत आणि रोज दीड हजारांची भर पडते. दोन लाखांचा टप्पा गाठायला चार महिन्यांहून जास्त लागतील. नमुना जानेवारीत घेतला असेल तर उन्हाळ कांद्याची आवक ऐन भरात आली तरी प्लॅनरच्या डोक्यातली शेवटची तारीख जानेवारीचीच असते. ‘गेल्या तीन दिवसांची खरेदी दाखव’ म्हटले की त्याच्या हिशेबी त्या तारखा टेबलात जवळपास नाहीतच. तारखेवर इंडेक्स असेल तर तो खरी शेवटची तारीख डोकावून पाहतो, त्यामुळे फटका थोडा कमी बसतो; पण अंदाज तोकडा राहतोच.

दुसरी चूक जास्त खोल आहे, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. एका क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, दोन-तीन अटी आल्या की प्लॅनर त्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असे धरतो आणि त्यांचे वाटे गुणतो. नाणी उडवताना छापा-काट्याच्या बाबतीत हे बरोबर आहे. जिल्हा, तालुका आणि गाव यांच्या बाबतीत साफ चूक आहे. आपल्याच वीस लाखांच्या टेबलात ५० टक्के नोंदी नाशिक जिल्ह्याच्या, १० टक्के निफाड तालुक्याच्या आणि १ टक्का विंचूरच्या आहेत असे समजा. बाकीचा माल कोपरगाव, वैजापूर वगैरे भागांतून आलेला. जिल्हा नाशिक, तालुका निफाड, गाव विंचूर अशा तिन्ही अटी दिल्या तर खरे उत्तर २०,००० नोंदी, कारण विंचूर म्हटल्यावर बाकी दोन अटी आपोआप आल्याच. प्लॅनर मात्र तिन्ही वाटे गुणून १,००० वर येतो. वीसपट चूक, आणि तीही नमुना अगदी ताजा असताना. टेबलातल्या निम्म्या नोंदी उन्हाळ वाणाच्या असतील आणि त्यात वाण उन्हाळ ही अट घातली, तर अंदाज आणखी निम्म्यावर येईल. मे महिन्यात विंचूरहून येणारा कांदा उन्हाळच असणार, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. प्लॅनरला वाण आणि महिना यांचा संबंधच माहीत नसतो.

याने प्रत्यक्षात काय बिघडते, ते निफाड तालुक्यातल्या एका कांदा व्यापाऱ्याच्या ऑफिसात मला स्पष्ट दिसले. रिपोर्ट साधा होता: गेल्या काही दिवसांत तालुक्यातल्या कोणत्या शेतकऱ्यांची हिशोबपट्टी झाली आणि पैसे द्यायचे राहिले. खरेदीचे टेबल आणि पेमेंटचे टेबल जोडायचे, एवढेच. बाहेर ट्रॅक्टर उभे आणि काउंटरवर शेतकरी ताटकळलेले. क्वेरीच्या पुढे एक्स्प्लेन ॲनलाइझ लावून चालवली की पोस्टग्रेस प्रत्येक पायरीचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी-शेजारी दाखवतो. खरेदीच्या ओळीत अंदाज होता १ नोंद. प्रत्यक्षात निघाल्या ३,८०० च्या आसपास.

प्लॅनर अंदाज एकाखाली नेत नाही, तेव्हा १ चा खरा अर्थ ‘जवळपास काहीच नाही’ असा घ्यायचा. एकच खरेदी असेल तर तिचे पेमेंट शोधायला पेमेंटचे टेबल एकदा वाचले की भागते. त्याने तीच वाट धरली: एकेक खरेदी घ्या आणि तिच्यासाठी पेमेंटच्या सगळ्या नोंदी तपासा. दुसरी वाट अशी, की एका बाजूच्या नोंदींची मेमरीत खणवार मांडणी करायची आणि दुसरी बाजू एकदाच वाचत जोड्या लावायच्या. एका नोंदीसाठी मांडणीचा खटाटोप त्याला उगाचच महाग वाटला. आणि १ हा आकडा खरा असता तर त्याचे बरोबरच होते! पण पेमेंटच्या टेबलात सहा लाख नोंदी होत्या आणि खरेदी क्रमांकावर इंडेक्स नव्हता. ३,८०० गुणिले सहा लाख, म्हणजे सुमारे २२८ कोटी तपासण्या. यावर चौपट रॅम घातली असती तरी त्या तेवढ्याच राहिल्या असत्या.

खरेदीच्या टेबलावर ॲनलाइझ ही आज्ञा चालवली. नवा नमुना घ्यायला काही सेकंद लागले आणि पुढच्याच वेळी प्लॅनरने दुसरी वाट घेतली. रिपोर्ट लगेच आला. त्या टेबलापुरती १० टक्क्यांची मर्यादा १ टक्क्यावर आणली, म्हणजे दोन लाखांऐवजी वीस हजार बदलांनंतर, साधारण दोन आठवड्यांच्या आत, नमुना ताजा होत राहील. जिल्हा, तालुका आणि गाव हे कॉलम एकमेकांवर अवलंबून आहेत, हे क्रिएट स्टॅटिस्टिक्स या आज्ञेने प्लॅनरला सांगता येते. ही सोय २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून आहे. वाण आणि महिना यांसारख्या सैल नात्यांसाठी दोन वर्षांनी, बाराव्या आवृत्तीत, नेहमी येणाऱ्या जोड्यांची यादी ठेवायची सोय आली. आज्ञा दिल्यावर पुन्हा ॲनलाइझ करायचे विसरू नका, त्याशिवाय यादी रिकामीच राहते. पेमेंटच्या टेबलाला इंडेक्सही टाकला.

एक्स्प्लेन ॲनलाइझने दाखवलेला प्लॅन वाचताना नजर सर्वात आतल्या पायरीपासून सुरू करावी. बाहेरच्या पायरीवर हजारपट फरक दिसतो तेव्हा तो बहुतेकदा आतून वाहत आलेला असतो. संशोधक यानिस इयोआनिडिस आणि स्टाव्ह्रोस ख्रिस्टोडुलाकिस यांनी १९९१ मध्येच दाखवले, की टेबले जोडत गेल्यावर अंदाजातली चूक घातांकाने वाढू शकते. २०१५ मध्ये व्हिक्टर लाइस आणि सहकाऱ्यांनी आयएमडीबी या संकेतस्थळाची चित्रपटांची खरी माहिती घेऊन ११३ क्वेरींवर पोस्टग्रेससह काही डेटाबेस तपासले, तेव्हा जोडण्या वाढतील तसे सगळ्यांचेच अंदाज कमी-कमी होत गेले. चाचणीसाठी बनवलेल्या कृत्रिम माहितीत हे नीट दिसत नाही, कारण तिच्यात खऱ्या जगातली नाती नसतात. सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी डेमोत सुसाट पळते आणि हंगामात अडकते, याचे एक मोठे कारण मला इथे दिसते.

आणखी दोन प्रसंगी नमुन्याची आठवण ठेवावी. एक्सेलमधून एकदम लाखभर नोंदी आत घेतल्या आणि लगेच रिपोर्ट काढायचा असला, तर आपणहून येणाऱ्या नमुन्याची वाट न पाहता ॲनलाइझ करावे. तात्पुरत्या टेबलांच्या वाटेला तर तो आपणहून कधीच जात नाही. आणि आवृत्ती बदलताना पोस्टग्रेसचे पीजी-अपग्रेड हे साधन वापरले, तर सतराव्या आवृत्तीपर्यंत हे सगळे आकडे मागेच राहत. ‘नवी आवृत्ती टाकली आणि सगळे मंद झाले’ ही तक्रार त्यातूनच येई. २०२५ च्या अठराव्या आवृत्तीपासून ते सोबत येतात, मात्र क्रिएट स्टॅटिस्टिक्सने जमवलेले आकडे अजूनही पुन्हा गोळा करावे लागतात.

राहता राहिला जुना वाद. ओरॅकल किंवा मायएसक्यूएलमध्ये क्वेरीतच ‘ही वाट घे’ अशी सूचना लिहिता येते. पोस्टग्रेसच्या मूळ प्रकल्पाने ती सोय मुद्दाम ठेवली नाही. हवी असेल तर वेगळे एक्स्टेन्शन, म्हणजे वरून बसवायचा जोड-प्रोग्राम, मिळते. हंगामात काउंटरवर गर्दी असताना या निर्णयाचा राग येतो, तो समजण्यासारखा आहे. तरी मी प्रकल्पाच्या बाजूने आहे. आवक भरात असताना खणवार मांडणीची सूचना क्वेरीत ठोकून दिली तर त्या आठवड्यात काम होईल. पण आवक ओसरल्यावर कुणी त्याच रिपोर्टात एका गावाचा एकच दिवस मागितला, तरी चार पट्ट्यांसाठी पेमेंटच्या सहा लाख नोंदी वाचल्या जातील, शेजारी इंडेक्स तयार असूनही.