नोटीस दिली होती म्हणे! अमेरिकेतल्या कौंटीच्या मीटिंगा लोकांना कळवायची जुनी भानगड

न्यू जर्सीत घर घेतलं की प्रॉपर्टी टॅक्सचं बिल येतं आणि त्यात शाळा, टाउनशिप (म्हणजे गावाची नगरपालिका) आणि कौंटी (म्हणजे राज्यातला आपल्या जिल्ह्यासारखा भाग) अशा वेगवेगळ्या ओळी असतात. शाळेच्या बोर्डाबद्दल मुलांमुळे थोडंफार कळतं, टाउनशिपचं ऑफिस कचऱ्याच्या गाडीपायी आणि डेकच्या परमिटपायी माहीत होतं, पण कौंटीची ओळ आपण नुसती भरून टाकतो. खरं तर जेल, मोठे पार्क, कौंटीचं कॉलेज, निवडणुकीचं बरंचसं काम, निळ्या पंचकोनी पाटीवर पिवळे आकडे असतात ते सगळे रस्ते, हे सगळं कौंटीकडे. आणि हे ठरवणाऱ्या बोर्डाची मीटिंग कधी असते असं एडिसन-पिस्कॅटवेच्या कुठल्याही मराठी घरात विचारून बघा, मिडलसेक्स कौंटीतच राहतात सगळे, पण कुणाला पत्ता नसतो.

नंतर एखादा रस्ता रुंद व्हायला लागला किंवा पार्कात खोदकाम सुरू झालं की आपण चिडतो, आम्हाला कुणी सांगितलंच नाही म्हणतो, आणि समोरून उत्तर तयार असतं की नोटीस दिली होती. आता गंमत अशी की ते खोटं नसतं. नोटीस खरंच दिलेली असते. दिली म्हणजे नेमकं काय केलं हा प्रश्न अमेरिकेत तीनशे वर्षं चालू आहे आणि आत्ता गेल्या एक-दोन वर्षांत तो परत उकरून निघालाय, म्हणून ही पार्श्वभूमी.

कौंटी हा प्रकार इंग्लंडहून आला. व्हर्जिनियासारख्या जुन्या कॉलनीत कौंटी म्हणजे कौंटीचं कोर्ट, तिथले जस्टिस न्यायही द्यायचे, टॅक्सही लावायचे, रस्ते कुठून जाणार तेही ठरवायचे, आणि नवीन जस्टिस कोण असावा याची शिफारस जुनेच करायचे, म्हणजे घरचाच कारभार. महिन्यातून एकदा कोर्ट डे असायचा, त्या दिवशी आजूबाजूचे शेतकरी, व्यापारी, कर्ज घेतलेले, कर्ज दिलेले सगळे कोर्टापाशी जमायचे, घोडे विकले जायचे, दारू चालायची आणि जे काही जाहीर करायचं ते तिथे वाचून दाखवायचं किंवा दारावर लावायचं. लोक तिथे येणारच होते त्यामुळे दारावरचा कागद खरंच वाचला जायचा. ही पद्धत मेली असं समजू नका, टेक्ससमध्ये बँकेने घर जप्त करून विकायला काढलं तर त्याची नोटीस आजही किमान 21 दिवस आधी कौंटीच्या कोर्टहाउसच्या दाराशी लावायची असा कायदा आहे आणि लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी.

मग छापखाने आले. 1789 मध्ये पहिल्याच काँग्रेसने ठरवलं की आपण पास केलेले कायदे देशातल्या किमान तीन पेपरांत छापायचे, आणि हीच सवय राज्यांनी आणि कौंट्यांनी उचलली. बजेट, टेंडर, लिलाव, मीटिंग, सगळ्याची नोटीस स्थानिक पेपरात, बारीक अक्षरात, पैसे देऊन. आपल्याकडे पेपरात 'जाहीर नोटीस'च्या चौकटी येतात तसंच ते, आणि त्या आपण जितक्या वाचतो तितक्याच तिथलेही लोक वाचायचे. पण एक फायदा होता तो कमी लेखू नका. पेपर हा कौंटीचा नव्हता. छापून झालं की पेपरवाला शपथपत्र द्यायचा की अमुक तारखेच्या अंकात हे छापलंय, म्हणजे उद्या कोर्टात भांडण गेलं तर तिसऱ्याचा पुरावा असायचा. आणि त्या नोटिसांच्या पैशावर गावोगावचे छोटे पेपर तगायचे, त्यामुळे त्यांचा एखादा रिपोर्टर कंटाळत का होईना मीटिंगला जाऊन बसायचा, ही गोष्ट कायद्यात कुठेच लिहिलेली नव्हती पण खरी माहिती लोकांपर्यंत जायची ती त्या कंटाळलेल्या रिपोर्टरमुळे.

अडचण अशी होती की नोटीस मीटिंगची असायची आणि निर्णय मीटिंगच्या बाहेर व्हायचे. न्यू जर्सीतल्याच हडसन कौंटीचं उदाहरण घ्या, जर्सी सिटीचा मेयर फ्रँक हेग 1917 ते 1947 अशी तीस वर्षं खुर्चीवर होता आणि नुसतं शहर नाही तर अख्खी कौंटी त्याच्या खिशात. त्याच्या टेबलाला म्हणे असा ड्रॉवर होता जो समोर बसलेल्या माणसाच्या बाजूला उघडायचा, पाकीट टाकायला सोयीचं, ही गोष्ट तिकडे अजून चवीने सांगतात. अशा ठिकाणी सार्वजनिक मीटिंग म्हणजे हात वर करायचा कार्यक्रम.

दार उघडायची जबरदस्ती करणारे कायदे त्यामानाने बरेच उशिरा आले. अलाबामाने 1915 मध्ये असा कायदा केला होता पण ज्याची खरी चर्चा झाली तो कॅलिफोर्नियाचा ब्राउन अ‍ॅक्ट. सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकलचा माइक हॅरिस नावाचा रिपोर्टर, त्याने 1952 मध्ये दहा भागांची मालिका लिहिली की तुमची शहरं आणि कौंट्या गुपचूप चालवल्या जातायत, आधी खासगीत बसून सगळं ठरतं आणि मग लोकांसमोर पाच मिनिटांत पास करतात. मोडेस्टोचा आमदार राल्फ ब्राउन याने बिल आणलं आणि 1953 मध्ये गव्हर्नर अर्ल वॉरन यांनी सही केली, तेच वॉरन जे त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाचे चीफ जस्टिस झाले. कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय की लोक आपलं सार्वभौमत्व त्यांच्या सेवेसाठी असलेल्या संस्थांच्या हवाली करत नाहीत. भारी वाक्य आहे, पण मीटिंगच्या 72 तास आधी अजेंडा लावायचा हा साधा नियम त्यात यायला 1986 उजाडलं. म्हणजे तेहतीस वर्षं मीटिंग उघडी होती पण तिच्यात काय येणार ते आधी कळायची खात्री नव्हती.

1967 मध्ये फ्लोरिडाचा सनशाइन लॉ, म्हणजे मीटिंगा उघड्यावर घ्यायला लावणारा कायदा आला, टेक्ससनेही त्याच साली केला. फ्लोरिडाचा भलताच कडक, बोर्डावरच्या दोघांनीसुद्धा पुढे मतदानाला येऊ शकेल अशा विषयावर बाहेर कुठे बोलायचं नाही. मग राष्ट्राध्यक्ष निक्सनचं वॉटरगेट प्रकरण झालं, सरकारवरचा विश्वास पार उडाला आणि 1976 पर्यंत जवळपास प्रत्येक राज्यात असा काही ना काही कायदा आला.

न्यू जर्सीचा ओपन पब्लिक मीटिंग्ज अ‍ॅक्ट 1975 चा. यात 48 तास आधी लेखी नोटीस, तारीख वेळ जागा आणि माहीत असेल तेवढा अजेंडा, ती नोटीस एका सार्वजनिक जागी लावायची, क्लर्ककडे द्यायची आणि किमान दोन पेपरांकडे पाठवायची असं ठरलं. नाहीतर वर्षाच्या सुरुवातीला अख्ख्या वर्षाचं वेळापत्रक एकदाच जाहीर करायचं म्हणजे मग प्रत्येक वेळी वेगळी नोटीस लागत नाही. आणि प्रत्येक मीटिंगच्या सुरुवातीला जाहीर करायचं की नोटीस बरोबर दिली आहे. न्यू जर्सीत कुठल्याही बोर्डाच्या मीटिंगला गेलात तर हे ऐकू येतंच, झेंड्याला वंदन होतं आणि मग कुणीतरी एका दमात, स्टेशनच्या अनाउन्समेंटच्या वेगाने, अमुक कायद्यानुसार नोटीस अमुकांना पाठवली आणि अमुक ठिकाणी लावली असं वाचून टाकतं, मिनिट्समध्ये (मीटिंगच्या लेखी वृत्तांतात) त्याची नोंद होते आणि कायद्याच्या दृष्टीने तुम्हाला कळवून झालेलं असतं. समोरच्या खुर्च्या रिकाम्या असल्या तरी.

दार बंद करून बसायला नऊ कारणं दिलेली आहेत, कोर्टाचे खटले, करार, कर्मचाऱ्यांच्या बाबी वगैरे. मिनिट्स लवकर उपलब्ध करून द्यायचे असं आहे पण लवकर म्हणजे किती दिवसांत ते लिहिलेलं नाही, आणि हे मला तरी चलाखीचं वाटतं. अजून एक गोष्ट, लोकांना बोलायला वेळ राखून ठेवलाच पाहिजे ही सक्ती कायद्याच्या शब्दांत म्युनिसिपालिटी आणि शाळेच्या बोर्डावर आहे, कौंटीचं नाव तिथे नाही. कौंट्या वेळ देतात, तो भाग वेगळा.

आणि आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. अजेंडा हातात आला तरी त्यात शोधायचं कुठे हे माहीत पाहिजे. भाषणं, सत्कार, कुठल्या तरी महिन्याचं प्रोक्लमेशन (म्हणजे मानाची जाहीर घोषणा) हे सगळं वर असतं आणि त्याचेच फोटो पेपरात येतात. खाली कन्सेंट अजेंडा असतो, त्यात नेहमीचे म्हणून समजले जाणारे ठराव एकत्र बांधलेले असतात, इंजिनिअरिंगचं कंत्राट, जमीन खरेदी, कुठल्या वकिलाच्या फर्मची नेमणूक, चेंज ऑर्डर (आधीच्या कंत्राटातले बदल), आणि या गठ्ठ्यावर एकच मतदान होतं. हो, हो, हो, संपलं. कुणी बोर्डमेंबरने एखादा ठराव वेगळा काढा म्हटलं तरच त्यावर चर्चा. म्हणजे पूर्वी जे खासगीत ठरायचं ते आता उघड्यावर ठरतं पण इतक्या वेगाने की बघणाऱ्याला समजतच नाही.

अजेंडा लावण्याला खर्च येतो यावरूनही कॅलिफोर्नियात मोठी गंमत झाली होती. राज्याने सक्ती केली तर खर्च राज्याने द्यायचा असा तिथला नियम, म्हणून कौंट्या आणि शहरं अजेंडा बनवून लावायच्या खर्चाचं बिल राज्याला पाठवायची. 2012 मध्ये पैशाची टंचाई होती तर राज्याने ती सक्तीच काही काळ स्थगित केली, म्हणजे अजेंडा लावला नाही तरी चालेल! बहुतेकांनी लावणं चालू ठेवलं ते आपल्या मर्जीने. शेवटी जून 2014 मध्ये प्रपोझिशन 42 नावाचा प्रस्ताव थेट लोकांच्या मतदानाला आला, लोकांनी तो पास केला आणि आता खर्च ज्याचा त्याने करायचा. आणि हे कधी, तर बेल शहराचं प्रकरण 2010 मध्ये सगळ्यांनी पाहिलेलं असताना. लॉस एंजेलिस कौंटीतलं जेमतेम 35-36 हजार वस्तीचं गरीब गाव, तिथला सिटी मॅनेजर वर्षाला 8 लाख डॉलरच्या आसपास पगार घेत होता आणि कौन्सिलवाल्यांनीही स्वतःला भरमसाट पगार लावून घेतले होते. लॉस एंजेलिस टाइम्सने ते बाहेर काढलं आणि त्यावर 2011 चं पुलित्झर हे पत्रकारितेचं बक्षीस मिळालं. मीटिंगा तिथेही होतच होत्या, बघायला मात्र कुणी येत नव्हतं.

टीव्ही आणि इंटरनेटबद्दल थोडक्यात सांगतो. केबल आली तेव्हा 1984 च्या कायद्याने स्थानिक सरकारांना केबल कंपनीकडून सरकारी चॅनेल मागता येऊ लागले, रात्री अकराला चॅनेल बदलताना दिसायचे ते कौंटी बोर्डाचे कंटाळवाणे कमिशनर (म्हणजे मेंबर) तिथूनच आले. मग वेबसाइटवर व्हिडिओ. मग मार्च 2020, कोविड, सगळं झूमवर, आणि ज्यांना संध्याकाळी ऑफिसातून येऊन गाडी काढून कौंटीच्या मुख्य गावी जाणं कधीच जमलं नसतं ते स्वयंपाक करता करता ऐकायला लागले. साथ ओसरल्यावर काही ठिकाणी हे चालू राहिलं, काही ठिकाणी परत फक्त खोलीत, आणि यावर अजून राज्याराज्यांत ओढाताण चालू आहे.

पण खरा धक्का पेपरांना बसला. नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या मेडिल स्कूलच्या 2024 च्या अहवालात 206 कौंट्या अशा निघाल्या जिथे बातमी देणारं स्थानिक काहीच उरलेलं नाही. म्हणजे कायदा म्हणतो पेपरात छापा आणि छापायला पेपरच नाही. न्यू जर्सीत तर फेब्रुवारी 2025 च्या सुरुवातीला स्टार-लेजरची छापील आवृत्ती बंद झाली आणि 1867 पासून चाललेलं जर्सी जर्नल पूर्णच बंद पडलं. आता नोटिसा कुठे द्यायच्या म्हणून धावपळ. आधी तात्पुरती सोय केली आणि मग 2025 च्या उन्हाळ्यात गव्हर्नर मर्फींनी नवीन कायद्यावर सही केली, मार्च 2026 पासून नोटिसा सरकारी संस्थांनी स्वतःच्या वेबसाइटवर टाकायच्या, बघणाऱ्याला फुकट, आणि राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसने सगळ्यांच्या लिंका एका ठिकाणी ठेवायच्या. फ्लोरिडाने 2023 पासूनच कौंटीच्या वेबसाइटवर नोटीस द्यायची मुभा दिली होती, पेपरपेक्षा स्वस्त पडत असेल तर.

पेपरवाले साहजिकच विरोधात होते कारण त्यांच्या पोटावर पाय, पण त्यांचा एक मुद्दा मला पटतो. छापलेला अंक लायब्ररीत राहतो, त्यात नंतर कुणी तारीख बदलू शकत नाही. वेबपेज बदलता येतं, हलवता येतं, साइट नवीन केली की जुन्या लिंका मरतात, आणि नोटीस वेळेत होती का हे सांगणारी आता कौंटी स्वतःच. उलट बाजूने, बारीक अक्षरातली जाहिरात शोधायला आपल्यापैकी कोण पेपर विकत घेत होतं? फोनवर सर्च तरी करता येईल. आणि कौंटीच्या साइटवर अजेंड्याचं ईमेल मिळायची सोय असेल तर तिथे एकदा नाव टाकून ठेवता येतं, मग पीडीएफ आपोआप येते. ती आली की प्रोक्लमेशनची पानं सोडून द्या आणि सरळ ठरावांच्या यादीवर जा, आपल्या रस्त्याचं किंवा पार्कचं नाव असलंच तर तिथे असतं.