स्लॅमची बोली: निम्म्या शक्यतेचा हिशेब आला कुठून?

परभणी-लातूरकडे पारावर मेंढीकोट खेळलेल्या माणसाला ब्रिज शिकवताना पहिली अडचण स्लॅमपाशी येते (तेरापैकी बारा हात म्हणजे स्मॉल स्लॅम, तेराच्या तेरा म्हणजे ग्रँड स्लॅम). मेंढीकोटात चारही मेंढ्या (दश्शे) मिळाल्या की कोट लागला. आधी कुणी काही कबूल केलेलं नसतं. जुना ऑक्शन ब्रिजही याच चालीचा. बारा हात झाले की 50 गुण, तेरा झाले की 100, मग बोली कितीची का असेना. वर चढण्यात कमाई नव्हती, नुसता धोका.

1925 मध्ये हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी पनामामार्गे निघालेल्या 'फिनलंड' जहाजावर गुणांचा तक्ताच बदलला. स्लॅमचं बक्षीस जो बोलेल त्यालाच, आणि तेही घसघशीत. 'व्हल्नरेबल' (अशा जोडीला बक्षीसही मोठं आणि दंडही मोठा) ही भानगडही तिथलीच.

आजच्या तक्त्यानं पाहा. व्हल्नरेबल आहात, हुकूम इस्पिक. बोलीत पहिले सहा हात धरत नाहीत, म्हणून सहा म्हणजे बारा हात आणि चार म्हणजे दहा. सहा बोलून बारा हात केले तर 1430 गुण. चार बोलून तेवढेच केले तर 680. फायदा 750. सहा बोलून अकराच झाले तर उणे 100, चारवर थांबला असतात तर 650. तोटाही 750. म्हणून स्मॉल स्लॅमला निम्मी शक्यता पुरते. सगळं एका फिनेसवर (मोठं पान अमक्याच प्रतिस्पर्ध्याकडे असेल या निम्म्या-निम्म्या भरवशावर) असेल तर बोललात काय, न बोललात काय. समोरचे पाच हुकूम 3-2 फुटण्यावर असेल (68 टक्के) तर बोलाच. ग्रँड स्लॅम फसला की हातचा स्मॉल स्लॅमही जातो, त्यामुळे तिथे दोन तृतीयांश हवी.

स्मॉल स्लॅमला दोघांत मिळून 33 पॉइंट हवेत, हा आडाखा 4-3-2-1 (एक्का, राजा, राणी, गुलाम) या मोजणीतून आला. पत्त्यांत एकूण 40; उरले 7, म्हणजे दोन एक्के बाहेर असूच शकत नाहीत. पण एकाच रंगाचे एक्का-राजा? बरोबर सात! ईझली ब्लॅकवुड यांची 1933 ची चार नो-ट्रम्पची (बिनहुकमी) पृच्छा, म्हणजे भिडूला 'एक्के किती?' असं विचारणारी बोली, इथेच तोंडघशी पाडते. तुमच्याकडे चौकटची राणी-गुलाम, भिडूकडे सत्ती-तिर्री. उत्तर येतं 'एकच एक्का कमी', तुम्ही सहा बोलता, आणि चौकटच्या उतारीवर पहिले दोन हात गेलेले.

अशा पानांवर आधी क्यू-बिड करा, म्हणजे ज्या रंगावर ताबा आहे (पहिले दोन हात जाऊ देणार नाही) तो रंग बोला. बोलीत रंग चढतात ते किलवर, चौकट, बदाम, इस्पिक असे. तीन इस्पिकवर हुकूम ठरला, तुम्ही चार किलवर बोललात आणि भिडूनं चौकट ओलांडून चार बदाम म्हटलं, तर त्याचा चौकटवर ताबा नाही. चार इस्पिक म्हणून गप्प बसा. हुकूम किलवर असेल तर ब्लॅकवुड आणखी जपून: एका एक्क्याचं उत्तर पाच चौकट येतं, म्हणजे पाच किलवरवर थांबायची सोयच उरत नाही.