वाढलेली मेमरी आणि गळकी मेमरी

महासंगणक म्हणजे शेकडो संगणकांचा ताफा, आणि कोणाचे काम त्यातल्या कोणत्या संगणकावर, केव्हा व किती वेळ चालवायचे हे ठरवणारा प्रोग्रॅम म्हणजे जॉब शेड्युलर. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतील ‘परम ब्रह्म’ महासंगणकावर वापरला जाणारा ‘स्लर्म’ हा असाच एक शेड्युलर. त्याची मुख्य प्रोसेस महिनोन्‌महिने अखंड चालते. स्लर्म सी भाषेत लिहिलेला असल्यामुळे मागून घेतलेली मेमरी प्रोग्रॅमला स्वतःच परत करावी लागते. प्रत्येक जॉबमागे १ किलोबाइट जरी परत करायचे राहिले, तरी रोज १ लाख जॉब घेणाऱ्या यंत्रणेत महिन्याला सुमारे ३ गिगाबाइट मेमरी अडकून पडते. हीच मेमरीची गळती.

मात्र मेमरी वाढली की गळतीच आहे असे मानणे घाईचे ठरते. संपलेल्या जॉबची नोंद स्लर्म एरवीही किमान ३०० सेकंद जवळ बाळगतो; हिशेब ठेवणारा डेटाबेस बंद पडला, तर तिकडे पाठवायच्या नोंदी मेमरीतच साचत जातात. शिवाय प्रोग्रॅमने मोकळी केलेली मेमरी लिनक्सची सी लायब्ररी बऱ्याचदा पुढच्या मागणीसाठी स्वतःकडेच राखून ठेवते, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला ती वापरातच दिसते.

म्हणून प्रोसेसने व्यापलेली मेमरी आणि जॉबची संख्या यांची नोंद काही दिवस शेजारी शेजारी ठेवावी. आलेख चढून एका पातळीवर स्थिरावला, तर बहुधा काळजीचे कारण नसते. पण रांग रिकामी झाल्यावरही तो उतरत नसेल आणि आजवर आलेल्या एकूण जॉबबरोबर चढतच राहत असेल, तर संशयाला जागा आहे. अशा वेळी दर आठवड्याला प्रोसेस पुन्हा सुरू करण्याची सोय अनेकांना पुरेशी वाटते (चालू जॉब त्याने सहसा थांबत नाहीत). मला ते गळक्या कौलांखाली घमेले ठेवण्यासारखे वाटते.

खरा शोध चाचणीसाठीच्या वेगळ्या क्लस्टरवर (संगणकांच्या गटावर) घ्यावा, कारण ‘व्हॅलग्रिंड’ या साधनसंचातले, गळती शोधणारे मेमचेक हे साधन प्रोग्रॅमला १० ते ३० पट मंदावते. प्रोग्रॅम बंद होताना सर्व मेमरी आवर्जून परत करणारी खास आवृत्ती स्लर्ममध्ये कंपाइल करता येते. तिच्यामुळे मेमचेकच्या अहवालात केवळ हरवलेल्या, म्हणजे ज्यांचा पत्ताच प्रोग्रॅमकडे उरलेला नाही अशा जागा उठून दिसतात. गंमत अशी की, पत्ता हाताशी असूनही विनाकारण फुगत जाणारी यादीदेखील हीच आवृत्ती शेवटी रिकामी करून टाकते आणि अहवाल निर्दोष येतो. अशी यादी पकडायची तर प्रोग्रॅम चालू असतानाच ठराविक अंतराने मेमरीचे चित्र टिपणारे ‘मॅसिफ’ वापरावे लागते.