इंधनपुरवठ्याची चिंता आणि राज्य सरकारांचे मर्यादित अधिकार: पार्श्वभूमी

पेट्रोल-डिझेलचा पुरवठा खंडित होण्याची चिन्हे दिसू लागली की लोक पहिला जाब राज्य सरकारला विचारतात आणि जिल्हाधिकाऱ्यांपासून तहसीलदारांपर्यंतची सगळी यंत्रणा कामाला लागते. घटनेने मात्र हा विषय राज्यांकडे सोपवलेला नाही. सातव्या अनुसूचीतील संघसूचीच्या ५३व्या नोंदीनुसार पेट्रोलियम आणि पेट्रोलियमजन्य पदार्थ केंद्राच्या अखत्यारीत येतात, तर त्यांच्या विक्रीवरील कर राज्यसूचीच्या ५४व्या नोंदीनुसार राज्यांकडे आहे. वस्तू व सेवा करासाठी २०१६ मध्ये झालेल्या १०१व्या घटनादुरुस्तीनंतरही पेट्रोल-डिझेलपुरता तो राज्यांकडेच राहिला. म्हणजे इंधनातून राज्याला महसूल मिळतो, पण ते कोणत्या डेपोतून, किती आणि कधी यावे, हे राज्याला ठरवता येत नाही. टंचाईच्या प्रत्येक प्रसंगी राज्यांनी उचललेल्या पावलांचे मूळ या विसंगतीत आहे.

नियंत्रणाची चौकट युद्धकाळातली आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल कूपनावर मिळत असे. १९४६ च्या तात्पुरत्या कायद्याने ती नियंत्रणे पुढे चालू ठेवली आणि १९५५ मध्ये जीवनावश्यक वस्तू कायद्याने त्यांना कायमचे रूप दिले. या कायद्याच्या कलम ३ नुसार उत्पादन, पुरवठा आणि वितरणाचे नियमन करण्याचा मूळ अधिकार केंद्राचा असून कलम ५ नुसार केंद्र तो राज्यांना किंवा त्यांच्या अधिकाऱ्यांना सोपवू शकते. राज्याचा अधिकार असा उसना आहे. १९७० च्या दशकात परदेशी तेल कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर पुरवठ्याची साखळीही सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांच्या, म्हणजे पुन्हा केंद्राच्याच हाती गेली.

त्यामुळे दीर्घकाळ राज्यांच्या पुरवठा विभागांचे इंधनाशी नाते मुख्यतः रॉकेलपुरते होते: शिधापत्रिकेवरचा कोटा, किरकोळ विक्रेत्यांचे परवाने आणि भेसळीवरची कारवाई. स्वस्त दरातले निळे रॉकेल डिझेलमध्ये मिसळण्याचा धंदा किती निर्ढावला होता, हे २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ, तेल कंपन्यांचे डेपो असलेल्या पानेवाडी परिसरात दिसले. इंधनचोरीचा प्रकार थांबवण्यास गेलेल्या एका अपर जिल्हाधिकाऱ्यांना तेथे भरदिवसा जिवंत जाळण्यात आले. राज्यभर छापे पडले आणि महसूल कर्मचारी रस्त्यावर उतरले. कायद्याने छापा घालण्याचे आणि साठा जप्त करण्याचे अधिकार ज्यांच्या हाती दिले, त्यांना संरक्षण मात्र दिले नव्हते, ही गोष्ट आजही विसरता येण्याजोगी नाही.

तेच पानेवाडी १ जानेवारी २०२४ रोजी पुन्हा चर्चेत आले, या वेळी टँकर थांबल्यामुळे. भारतीय दंड संहितेच्या जागी येणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये, निष्काळजीपणे वाहन चालवून मृत्यूस कारण ठरलेला आणि पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून गेलेला चालक दहा वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र ठरवण्यात आला होता. त्याविरोधात देशभरातील वाहनचालकांनी काम बंद केले आणि महाराष्ट्रातील अनेक शहरांत पंपांसमोर रांगा लागल्या. डेपोत इंधन होते, पण ते पंपापर्यंत नेणारे हात थांबले होते. राज्याच्या पुरवठा विभागाने पोलिसांना पत्र लिहून पेट्रोल, डिझेल आणि स्वयंपाकाच्या गॅसची वाहतूक सुरळीत राहील, अशी व्यवस्था करण्यास सांगितले, तर ठिकठिकाणच्या प्रशासनाने घबराटीने खरेदी करू नये, असे आवाहन केले.

संपाच्या याच दोन दिवसांत चंदीगडच्या प्रशासनाने वेगळी वाट धरली. दुचाकीला जास्तीत जास्त २ लिटर किंवा २०० रुपयांचे आणि चारचाकीला ५ लिटर किंवा ५०० रुपयांचे इंधन, अशी मर्यादा तेथे घालण्यात आली. प्रतिवाहन मर्यादेचा हा निर्णय पुरवठ्याच्या संकटातला सर्वांत वादग्रस्त निर्णय असतो, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करायला हवा. पंपाच्या भूमिगत टाक्या नेहमीच्या विक्रीचा अंदाज घेऊन भरल्या जातात. रोज शे-दोनशे रुपयांचे पेट्रोल भरणारा दुचाकीस्वार घाबरून टाकी काठोकाठ भरू लागला, तर टँकर वेळेवर येऊनही पंप दुपारपर्यंत कोरडा पडू शकतो. मर्यादा घातली की आहे तो साठा अधिक लोकांना पुरतो, हा तिच्या बाजूचा खरा मुद्दा आहे. विरोधातला मुद्दाही तितकाच खरा आहे: मर्यादेचा आदेश निघाला की टंचाईवर सरकारी शिक्कामोर्तब झाले असे लोक मानतात, आणि ज्यांना त्या दिवशी इंधनाची गरजच नव्हती तेही रांगेत येऊन उभे राहतात. शिवाय खरेदीची वाहननिहाय नोंद पंपांवर होत नसेल, तर एकाच वाहनाला दोन-तीन पंपांवर जाण्यापासून कोणी रोखू शकत नाही.

त्रिपुरातील परिस्थिती निराळी होती. २०२४ च्या एप्रिलमध्ये आसाममधील जतिंगा भागात दरडी कोसळून मालगाड्यांची वाहतूक विस्कळीत झाली, तेव्हा त्रिपुरा सरकारने १ मेपासून दुचाकीला दिवसाला २०० आणि चारचाकीला ५०० रुपयांचे पेट्रोल, तर डिझेलसाठी बसला ६०, मिनीबसला ४० आणि तीनचाकीला १५ लिटर अशी मर्यादा ठरवली. येथे साठा खरोखर मार्गातच अडकला होता आणि मार्ग दुरुस्त होण्यास वेळ लागणार, हे उघड होते. शिवाय प्रवासी वाहतुकीची वेगवेगळी गरज आदेशातच मान्य केलेली होती. वाहतूक संपासारख्या, वाटाघाटींनी दोन दिवसांत सुटू शकणाऱ्या प्रसंगी टँकरना पोलीस बंदोबस्त देणे हा अधिक योग्य मार्ग होता, आणि महाराष्ट्राने मर्यादेपेक्षा वाहतुकीवर भर दिला हे बरे झाले, असे माझे मत आहे.

बंदोबस्ताच्या मार्गालाही मर्यादा आहेत. मणिपूरमध्ये नव्या जिल्ह्यांच्या निर्मितीवरून १ नोव्हेंबर २०१६ पासून १३९ दिवस महामार्गांवर आर्थिक नाकेबंदी होती. सरकारने सुरक्षा दलांच्या पहाऱ्यात टँकरचे ताफे आणले, तरी काळ्या बाजारात पेट्रोल कित्येक पट दराने विकले जात राहिले. याच्या उलट, मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या सुरुवातीला पुण्यासह राज्यातील काही जिल्ह्यांत पेट्रोल केवळ अत्यावश्यक सेवेतील वाहनांना देण्याचे आदेश निघाले, तेव्हा इंधन कमी पडले नव्हते. लोकांचे बाहेर पडणे थांबवण्यासाठी पंपाचा वापर झाला. साथरोग आणि आपत्ती व्यवस्थापनाचे कायदे त्यासाठी हाताशी होते. इंधनाचे वाटप आणि लोकांच्या हालचालींवरचे नियंत्रण यांतली रेषा तेव्हा पुसली गेली, आणि त्यावर जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही.

साठ्याच्या बाबतीत राज्ये आजही केंद्रावरच अवलंबून आहेत. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर येथील भूमिगत साठवणगृहांची मिळून ५३.३ लाख टनांची क्षमता आहे, पण तेथे कच्चे तेल साठवले जाते. परदेशातून तेल येणे थांबले तर त्याचा उपयोग होईल. डेपो आणि पंप यांच्यातला रस्ता बंद झाल्यास काही होणार नाही. राज्यांना अनुभव येतो तो बहुतेक वेळा याच दुसऱ्या प्रकारच्या संकटाचा. जिल्हा पातळीवर पूर, निवडणुका किंवा संपाच्या काळात रुग्णवाहिका, पोलीस आणि अग्निशमन वाहनांसाठी काही साठा राखून ठेवण्याचे आदेश पंपचालकांना दिले जातात, परंतु ते प्रसंगापुरते असतात. २ जानेवारी २०२४ च्या रात्री केंद्राने वाहतूकदार संघटनेला चर्चेचे आश्वासन दिले आणि संप मिटला. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली, तेव्हा कलम १०६(२) मात्र लागू करण्यात आले नाही. ज्या वादातून टँकर थांबले होते, तो वाद अशा रीतीने मिटला नाही, केवळ पुढे ढकलला गेला. आणि तो पुन्हा उभा राहिला, तर त्याची पहिली झळ राज्यांच्या पुरवठा विभागांनाच बसेल.