इसेंग्रिमुस

बाराव्या शतकातील लॅटिन प्राणिमहाकाव्य. फ्लँडर्समधील गेंट (आताचे बेल्जियम) येथे ११४८-४९ च्या सुमारास रचले गेले. कर्ता म्हणून निव्हार्डस हे नाव परंपरेने सांगतात. ७ सर्ग, सुमारे ६,५०० ओळी. वृत्त सहा व पाच गणांच्या ओळींच्या जोडीचे. लांडगा इसेंग्रिमुस हा अधाशी मठवासी. त्याला पुन्हा पुन्हा फसवणारा रेनार्डुस हा कोल्हा त्याला ‘काका’ म्हणतो.

राजसत्तेवरचा सर्वांत धारदार प्रसंग शिकारीच्या वाटणीचा आहे. सिंह लांडग्याला वाटणी करायला सांगतो. लांडगा तीन सारखे वाटे घालतो, तेव्हा सिंह त्याची कातडी ओरबाडतो. मग कोल्हा सगळे मांस सिंह, सिंहीण आणि छावे यांच्यात वाटतो. ही रीत कुठे शिकलास, असे विचारताच तो काकांकडे बोट दाखवतो. दरबारात न्याय्य वाटणी हाच गुन्हा ठरतो आणि एकाची सोललेली पाठ दुसऱ्याचा धडा होते. कथा इसापाच्या परंपरेतली जुनीच. पण इथे सोलला जाणारा स्वतःही मेंढरे खाणारा असल्याने वाचकाची सहानुभूती कुणा एकाकडे स्थिर राहत नाही. काव्याचे खरे बळ इथे आहे.

चर्चवरचा मारा अधिक उघड आहे. कोल्ह्याने कोंबडा पळवलेला दिसताच पाद्री चालू उपासना सोडून त्याच्यामागे धावतो. कोल्हा त्याला लांडग्याकडेच नेतो; तोवर लांडग्याची शेपटी मासे धरण्याच्या हावेत बर्फात गोठलेली असते. टूर्नेचा बिशप अँसेल्म याच्यावर तर कवी नाव घेऊन लुबाडणुकीचा ठपका ठेवतो. टूर्नेला ११४६ मध्ये स्वतंत्र बिशप मिळाला होता, म्हणजे ही टीका ताज्या घडामोडीवरची.

त्यामुळेच लांडगा म्हणजे अँसेल्मच, असे एकास एक समीकरण मांडण्याचा मोह होतो. तसे वाचले की अर्थ विस्कटतो: लांडगा कधी मठवासी, कधी दरबारी, कधी मार खाणारा मूर्ख असतो. रूपक व्यक्तीचे नसून भुकेला धर्माचा अंगरखा चढवणाऱ्या पदाचे आहे, असे मानले तर सातही सर्ग जुळतात.

शेवटच्या सर्गात सालौरा ही डुकरीण व तिचा कळप प्रार्थनाविधीच्या विडंबनात लांडग्याला जिवंत खातात. मग तीच सालौरा दुसऱ्या धर्मयुद्धातील (क्रुसेडमधील) संहाराचा शोक करते आणि सिसिलीचा राजा रॉजर याच्याकडून पैसे घेतल्याचा आरोप पोप तिसरा यूजीन याच्यावर करते. तो पोप तेव्हा हयात होता.