बाळाची पहिली तपासणी निगेटिव्ह आली, तरी अठरा महिने केंद्र सोडू नका

एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळाची सहाव्या आठवड्यात तपासणी होते. ती निगेटिव्ह आली की घरात दिवाळी, आणि बाळ पुन्हा केंद्रात दिसत नाही. बरीच बाळं सरकारी नोंदीतून निसटतात ती इथेच. हा निकाल त्या दिवसापुरता खरा असतो, पण आई अंगावर पाजते तोवर धोका पूर्ण संपत नाही. म्हणूनच सहावा महिना, बारावा महिना आणि अठरावा महिना अशा पुढच्या फेऱ्या असतात. वय जन्मतारखेपासून मोजायचं, पहिल्या तपासणीपासून नाही. अठराव्या महिन्याची तपासणी आधीचे सगळे निकाल निगेटिव्ह असले तरी होते, आणि तोवर पाजणं सुरू असेल तर ते थांबल्यावर पुन्हा कधी यायचं, हे समुपदेशकाला विचारून ठेवा.

हे सगळं मोफत आहे आणि आयसीटीसी, म्हणजे सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात होतं. बाळ खाजगी दवाखान्यात जन्मलं तरी चालतं. आई हयात नसेल तरी बाळाचा हक्क तेवढाच. जन्मल्याबरोबर औषधाचे थेंब सुरू होतात, जोखमीनुसार सहा किंवा बारा आठवडे. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन खास कागदावर वाळवतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. त्याला डीबीएस म्हणतात. पेंटाव्हॅलंट लसीचा पहिला डोसही सहाव्या आठवड्यातच असतो, त्यामुळे दोन्ही कामं एका फेरीत होऊ शकतात. लसीच्या टेबलावर कुणी आपणहून सांगेल याची वाट बघू नका, तुम्हीच विचारा.

एक गैरसमज फार छळतो. घाबरून बाहेरच्या लॅबमध्ये तिसऱ्या-चौथ्या महिन्यात साधी रॅपिड टेस्ट केली जाते, ती पॉझिटिव्ह येते आणि घर कोसळतं. ती चाचणी विषाणू नाही, तर अँटीबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीर तयार करतं ती द्रव्यं शोधते, आणि आईच्या अँटीबॉडी बाळाच्या अंगात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. एवढ्या लहान बाळाला लागण आहे की नाही, हे विषाणूचा शोध घेणारी डीबीएसच सांगते.

डीबीएस पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी दुसरा नमुना घेतात आणि बाळाला एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या केंद्रात पाठवतात. दुसऱ्या निकालाची वाट बघत घरी बसू नका. लागण झालेल्या आणि उपचार न मिळालेल्या बाळांपैकी जवळपास निम्मी दोन वर्षांची होण्याआधी दगावतात. उलट आईचं एआरटी आणि बाळाचं औषध नीट चाललं तर लागणीचं प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली येतं. काहीच न केल्यास तेच १५ ते ४५ टक्के असतं.

आता कागदपत्रं. आईचं एआरटीचं पुस्तक, माता-बालक संरक्षण कार्ड आणि डिस्चार्ज कार्ड जवळ ठेवा. अडचण येते नावाची. डिस्चार्ज कार्डावर ‘बेबी ऑफ’ आणि आईचं नाव असतं. ते कधी माहेरचं, कधी सासरचं. बारशानंतर बाळाचं नाव येतं आणि तीनही कागद जुळत नाहीत. नाव ठेवल्याबरोबर केंद्रात जाऊन नोंद दुरुस्त करा. आधार मागून परत पाठवणारे महाभागही भेटतात. सहा आठवड्यांच्या बाळाचं आधार कुठून आणायचं? त्यासाठी तपासणी लांबवणं चूकच आहे. अडून राहिले तर जिल्हा रुग्णालयात डापकूचं, म्हणजे जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाचं कार्यालय विचारा, किंवा १०९७ या मोफत हेल्पलाइनवर फोन करा.

दुसरी फट बाळंतपणाची. नोंदणी सासरच्या जिल्ह्यात, बाळंतपण माहेरी, आणि तिसऱ्या महिन्यात आई परत निघते. आईची फाईल एकीकडे, बाळाचा नमुना दुसरीकडे, आणि निकाल ज्या केंद्राने नमुना पाठवला तिथे पडून राहतो. निघण्याआधी तिथल्या समुपदेशकाकडून पुढच्या केंद्राच्या नावाने चिठ्ठी घ्या आणि निकाल कुठे कळवायचा ते लिहून द्या. आठ दिवसांत नव्या केंद्रात तोंड दाखवा. इथे कोण विसरलं यावर दोन केंद्रं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि बाळाचा महिना जातो, म्हणून हा पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो, हे खेदाने सांगतो.

फोन नंबर बदलला तर लगेच कळवा. घरात सासूला, दिराला माहीत नसेल तर फोन कोणत्या नंबरवर, किती वाजता करायचा आणि कोणी घरी यायचं नाही, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे आणि तपासणीला पालकाची संमती लागते. दवाखान्यात भेदभाव झाला तर, वीस किंवा जास्त माणसं काम करत असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी नेमलेला असलाच पाहिजे. त्याचं नाव विचारा आणि तक्रार लेखी द्या.